पडद्याचा कॅमेरा

राजापेठेतल्या आमच्या स्टुडिओत आलेलं गिऱ्हाईक आधी भिंतीवरचे फोटो बघतं, मग माझ्या हातातला कॅमेरा बघतं. दोन्हींचा मेळ काही त्याला लागत नाही. कॅमेरा साबणाच्या डबीपेक्षा थोडाच मोठा. जपानी बनावटीचा, जुना, कोपऱ्यांवरचा मुलामा जाऊन खालचं पितळ दिसायला लागलेलं. "मोठा कॅमेरा नाही का ताई?" असं अर्धे लोक मला तोंडावर विचारतात. उरलेले माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारतात.

मोठा आहे, आणि चांगला डिजिटल आहे. शाळांची ओळखपत्रं, पासपोर्ट, बारशी, सगळं आम्ही त्याच्यावरच करतो. एकदा जवळच्याच एका ट्यूशन क्लासचा गुणवंतांचा सत्कार होता. मी लहान कॅमेरा घेऊन गेले, तर संचालकांचा चेहरा उतरला. समोर पालक बसलेत, त्यांना काय वाटेल, असं त्यांचं म्हणणं. मी घरी येऊन मोठा कॅमेरा गळ्यात अडकवून परत गेले. त्याची बॅटरी घरी चार्जिंगलाच राहिली होती. फोटो सगळे लहान कॅमेऱ्यानं काढले. संचालक खूश झाले, आणि फोटो चांगले आले याचं श्रेय त्यांनी गळ्यातल्या कॅमेऱ्याला दिलं.

या लहान कॅमेऱ्याला रेंजफाइंडर म्हणतात. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो हातात धरला नसेल, म्हणून थोडं सांगते. साध्या मोठ्या कॅमेऱ्यात आपण भिंगातूनच बघतो. भिंगाला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. रेंजफाइंडरला बघायची खिडकी वेगळी असते, वर डाव्या कोपऱ्यात. भिंग आपलं काम करतं, आपण आपलं. खिडकीच्या मधोमध एक फिकट पिवळा ठिपका असतो आणि त्या ठिपक्यात समोरचा माणूस दोनदा दिसतो, एकावर एक सरकलेला. भिंगाची कडी फिरवत जायची. दोन माणसं जुळून एक झाली की फोटो स्पष्ट येणार. फोटो कुठपर्यंत येईल हे एका उजळ चौकटीनं दाखवलेलं असतं, पण चौकटीच्या बाहेरचंही थोडं दिसत राहतं. शिवाय खिडकी कोपऱ्यात असल्यानं माझा डावा डोळा उघडा आणि मोकळा राहतो. समोरच्या बाईला माझं अर्धं तोंड दिसतं. आवाज म्हणाल तर शेंगदाण्याचं टरफल फुटावं एवढा.

मी मूळची चांदूर रेल्वेजवळच्या एका गावची. माहेरी शेवंती-झेंडूचे मळे. लग्न होऊन अमरावतीला आले तेव्हा फोटो म्हणजे काढून घ्यायची गोष्ट एवढंच ठाऊक होतं. नवऱ्याच्या स्टुडिओत आधी फोटो कापायला बसले, मग अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायला शिकले. फिल्म धुता धुता दुसऱ्यांच्या चुका दिसायला लागल्या आणि मग वाटलं, आपणही काढून बघावं. हा कॅमेरा एका निवृत्त इंजिनिअरांनी आमच्याकडे विकायला ठेवला होता. वर्षभर कोणी हात लावला नाही, तेव्हा मी घेतला.

माझं खरं काम सुरू झालं ते बायकांच्या कार्यक्रमांमुळे. अकोल्याच्या एका मुस्लिम घरात मेहंदीचे फोटो काढायला बाईच पाहिजे होती. त्या घरातून दुसऱ्या घरात, दुसऱ्यातून तिसऱ्यात माझं नाव गेलं. जाहिरात कधी केली नाही, सैपाकघरातल्या गप्पांमधूनच काम येत गेलं. सगळीकडे मोबाइल आले तेव्हा वाटलं, आता आपलं संपलं. झालं उलटंच. कोणाच्या तरी घरचा, बायकांमधला एक फोटो मोबाइलवरून गावभर फिरला, आणि सगळ्या घरांनी धसका घेतला. मग माझी जुनी रीतच त्यांना भरवशाची वाटायला लागली. फिल्म कृष्णधवल, कारण रंगीत फिल्म लॅबमध्ये द्यावी लागते आणि तिथं अनोळखी पुरुष बसलेले असतात. कृष्णधवल मी घरी, माझ्या न्हाणीघरात धुते. फोटो मीच छापते. आणि शेवटी फोटोंसोबत निगेटिव्हही त्या घरात देऊन टाकते, माझ्याजवळ काही ठेवत नाही. त्यामुळे आयुष्यातलं माझं सगळ्यात चांगलं काम मला कोणाला दाखवता येत नाही. भिंतीवर लावलेत ते चिखलदऱ्याच्या धुक्याचे आणि देवीच्या यात्रेचे फोटो. ते बरे आहेत, एवढंच.

आता सनाच्या लग्नाचं सांगते. या कॅमेऱ्याबद्दल बोलायचं तर त्यानं मला जिथं तोंडघशी पाडलं, तिथूनच बोललं पाहिजे.

सनाचे वडील रशीदभाई. अकोल्यात त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. आई शमीमभाभी. या घरात मी आधी दोन कार्यक्रम केले होते. सना एकुलती एक मुलगी. सासर बऱ्हाणपूरचं, जावई मस्कतला नोकरीला, आणि महिन्याभरानं सनाही तिकडे जाणार होती. पुन्हा कधी येईल ते नक्की नव्हतं. म्हणून दरवाज्यातून ती निघते तेव्हाचे फोटो नीट पाहिजेत, असं शमीमभाभीनं मला तीनदा बजावलं होतं. लग्नाच्या दिवशी बायकांकडच्या दरवाज्यात एक टोपली ठेवली होती. येईल तिनं आपला मोबाइल त्या टोपलीत टाकायचा आणि मगच आत जायचं. घरात फोटो काढणारी वस्तू फक्त माझ्याजवळ.

सकाळपासून दोन रोल झाले. दुपारी जेवणं उरकल्यावर बायकांमध्ये गुलाबपाणी शिंपडणं सुरू झालं, आणि दोघी-तिघी जणी खेळात येऊन एकमेकींच्या तोंडावर उडवायला लागल्या. भिंगावर शिंतोडे नकोत म्हणून मी कॅमेऱ्याला काळं झाकण लावलं. त्याच वेळी तिसरा रोल भरला. एवढ्यात बाहेरून निरोप आला की गाडी लागली, उशीर नको. सगळ्या एकदम दरवाज्याकडे. मीही धावले. ओसरीच्या कडेला उभी राहून मी सगळा रोल संपवला, छत्तीसच्या छत्तीस. सना रडत होती, मैत्रिणी रडत होत्या, सनाची मोठी मावशी, जिला सगळे बडी खाला म्हणतात, ती सर्वांना धीर देत देत स्वतः रडत होती. खिडकीतून सगळं लख्ख दिसत होतं. इतकं चांगलं काम आपण बऱ्याच दिवसांत केलं नाही, असं मला तेव्हाच वाटून गेलं.

झाकण भिंगावर तसंच होतं.

मोठ्या कॅमेऱ्यात ही चूक होऊच शकत नाही. झाकण असलं तर डोळ्याला काळोख दिसतो. रेंजफाइंडरची खिडकी वेगळी, तिला झाकणाचं काही सोयरसुतक नसतं. माझ्या कॅमेऱ्यात प्रकाश मोजायचा एक लहान डोळा भिंगाजवळच आहे, त्यानं तरी सांगितलं असतं. पण त्याचा सेल बाजारातून कधीच गेला, आणि मी वर्षानुवर्षं प्रकाश अंदाजानंच धरत आले. या अंदाजाचा मला अभिमानही होता.

दुसऱ्या दिवशी अमरावतीला फिल्म धुतली. पहिले दोन रोल उत्तम. तिसरा टाकीतून काढला तर काचेसारखा स्वच्छ. उजेड न लागलेली फिल्म अशीच निघते. कडेला कंपनीनं छापलेले आकडे तेवढे ठसठशीत दिसत होते, एकपासून छत्तीसपर्यंत. ते आकडे दिसले म्हणजे फिल्म बरोबर होती, रसायन बरोबर होतं, धुणं बरोबर होतं. राहता राहिले मी. पर्समधून कॅमेरा काढून बघितला. तेव्हा झाकण दिसलं.

मी न्हाणीघरात पाटावर बराच वेळ बसून राहिले. यांनी दार वाजवलं, फिल्म बघितली आणि त्यांनाही समजलं. त्यांनी सल्ला दिला तो वाईट मनानं नव्हता. "रोलच खराब निघाला म्हणून सांगून दे," ते म्हणाले. "कोनाले समजते?"

खरंच कोणाला समजलं नसतं. पण मग वाटलं, या बायका माझ्यावर विश्वास टाकतात तो न दिसणाऱ्या गोष्टींसाठीच टाकतात. मी बंद दाराआड फिल्म धुते, एकही जास्तीचा फोटो छापत नाही, निगेटिव्ह लपवून ठेवत नाही, हे त्यांनी कुठे पाहिलेलं असतं? मी सांगते आणि त्या मानतात. मी आज एक खोटं बोलले, तर उरलेलं सगळं खरं आहे हे मलाच कसं वाटणार?

मंगळवारी सकाळच्या बसनं अकोल्याला गेले. वाटेत डोळे मिटून ते छत्तीस फोटो एकेक करून आठवले. चौकट न् चौकट आठवत होती. कोण कुठं उभं होतं, कोणाचा हात कोणाच्या खांद्यावर होता. आणि मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली, तिचा अर्थ मात्र लागेना. शमीमभाभी कुठेच नव्हती. चौकटीत नव्हती आणि चौकटीबाहेरही नव्हती.

घरात लग्नाची आवराआवर चालली होती. मी ओसरीवर बसले, फिल्मची पट्टी पिशवीतून काढून रशीदभाईंच्या हातात दिली आणि काय झालं ते एका दमात सांगितलं. त्यांनी पट्टी उजेडाकडे धरली. कापडाचा पोत बघावा तशी बोटांत फिरवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, आमी सगळ्याइचे मोबाइल तुमच्या भरवशावर जमा केले होते." एवढं बोलून ते चपला घालून दुकानात निघून गेले. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

शमीमभाभीनं ती पट्टी उचलून नीट गुंडाळून ठेवली. बाजूला बडी खाला बसली होती. झाकण म्हणजे नेमकं काय ते तिला समजून घ्यायचं होतं. मी कॅमेरा काढून दाखवला.

"वो काला ढक्कन ना?" खाला म्हणाली. "मैं तो देखी थी बेटी. मैं समझी पर्देवाला कॅमेरा है, अंदर से लेता होगा."

कोणी हसावं अशी ती वेळ नव्हती. पण शमीमभाभीनं तोंडाला पदर लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मग मीही हसले आणि हसता हसता रडले. भाभीनं पाणी आणून दिलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी मुलगी माहेरी येते, त्याला त्यांच्यात चौथी म्हणतात. सना उद्या येऊन परवा दुपारी परत जाणार होती. भाभी म्हणाली, "ताई, परवा या. दरवाजा तोच हाय आन् पोरगीबी तेच हाय." मी दुकानावरून जाताना रशीदभाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली, पण वर बघितलं नाही.

गुरुवारी मी वेळेच्या दोन तास आधी पोचले. बातमी सगळीकडे पसरलेली होती आणि पडद्याच्या कॅमेऱ्याचा किस्सा माझ्या आधी प्रत्येक बाईपर्यंत गेला होता. सनानं लग्नाचाच लाल जोडा घातला होता. मावशा, चुलत बहिणी, मैत्रिणी, जमतील तेवढ्या त्याच कपड्यांत आल्या होत्या. बडी खालानं सूत्रं हातात घेतली. तू इथं होती, तू रडत होती, तू हिला धरलं होतं, असं करत तिनं सगळ्यांना दरवाज्यात उभं केलं आणि आता रडा म्हणून सांगितलं. कोणालाच रडू येईना. एकीनं खोटा हुंदका काढला आणि सना फस्सकन हसली. मग सगळ्याच हसल्या. खाला रागावली, आणि रागावता रागावता तिलाही हसू आलं. मी दोन-चार फोटो काढले. चांगले होते, पण निघण्याचे नव्हते.

तेवढ्यात खालाच्या लक्षात आलं की सनाच्या आईची जागा ठरायची राहिली. तिनं इकडे तिकडे विचारलं. कोणाला आठवेना. मग ती माझ्याकडे वळली. तू तर सगळं बघत होतीस, शमीम कुठं उभी होती ते तू सांग, म्हणाली.

मला माहीत होतं. मी कॅमेऱ्याची कडी उगाच पुसत राहिले.

शमीमभाभी मागून पुढे आली. "मी नव्हतीच," ती म्हणाली. "मी सैपाकघरात रस्त्यासाठी डबा भरून राहिली होती. बाहेर आली तं गाडी वळली होती."

ती हे अगदी साधेपणानं बोलली. दोनशे माणसांची जेवणं, भांडी, पाहुणे, परत द्यायची ताटं, यात तिला कोणी सांगितलंच नव्हतं की मुलगी निघाली. डबा तिनं कोणाच्या तरी हातानं धावत गाडीपर्यंत पाठवला होता. सनाचं हसणं थांबलं. तिला वाटलं होतं की आई मुद्दामच बाहेर आली नाही, रडू नये म्हणून. बऱ्हाणपूरपर्यंतच्या वाटेत तिनं आईवर राग धरला होता आणि तो डबा उघडलासुद्धा नव्हता. हे तिनं आईला तिथंच, सगळ्यांसमोर, हळू आवाजात सांगितलं. भाभी एवढंच म्हणाली की खराब झाला असेल मग.

बडी खालानं सगळ्यांना मागे सारलं. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

दरवाज्यात दोघी राहिल्या. मी ओसरीच्या कडेला होते, चार हातांवर. शमीमभाभीनं सनाच्या ओढणीची खांद्यावरची पिन काढली, ओढणी सरळ केली, पिन पुन्हा लावली. पिन चांगलीच लागलेली होती. तिनं ती परत काढली आणि परत लावली. सना शाळेत जायच्या मुलीसारखी हात खाली सोडून उभी होती. रडत कोणीच नव्हतं. पिवळ्या ठिपक्यात भाभीचा हात दोनदा दिसत होता, तो मी जुळवून एक केला. पिन लावून झाली आणि हात तिथंच राहिला. सनानं मान थोडी त्या हाताकडे कलती केली. तेव्हा मी बटण दाबलं.

गाडी गेल्यावर बायका आत गेल्या. भाभी माझ्याजवळ येऊन उभी राहिली आणि तिनं विचारलं, "आला का?"

फिल्म धुवायच्या आधी या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, आणि लग्नाच्या दिवशी जे झालं होतं त्यानंतर तर मुळीच नाही. पण एक गोष्ट आहे. मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागे आरसा असतो. बटण दाबलं की तो आरसा वर उचलला जातो आणि पापणी लवावी एवढा वेळ आपल्याला काही दिसत नाही. म्हणजे जो क्षण फोटोत उतरतो, नेमका तोच काढणाऱ्यानं पाहिलेला नसतो. त्याच्या आधीचा पाहिलेला असतो आणि नंतरचा. माझ्या कॅमेऱ्यात आरसाच नाही. बटण दाबलं त्या क्षणी तो हात, ती कलती मान, भाभीचे उघडे डोळे मला दिसले होते. लोक मला विचारतात की एवढं होऊनही हाच कॅमेरा कावून, तेव्हा मी कामाच्या पुष्कळ गोष्टी सांगते. हलका आहे, आवाज नाही, बायका बिचकत नाहीत. त्या सगळ्या खऱ्या आहेत. पण मनात ही गोष्ट असते.

"आला," मी म्हटलं.

रविवारी फोटो घेऊन गेले तेव्हा बायका कुठंतरी बाहेर गेल्या होत्या आणि दुकानात रशीदभाई एकटेच होते. मी पाकीट आणि सगळी निगेटिव्ह त्यांच्यासमोर ठेवली. लग्नाचे फोटो त्यांनी भराभर बघितले. दरवाज्यातला फोटो आला तेव्हा ते थांबले. मग म्हणाले की दर कार्यक्रमात भाभी सैपाकघरातच असते, त्यामुळे तिचा आतापर्यंत घरात एकच फोटो होता, रेशनकार्डावरचा, आणि तोही इतका पुसट की दुकानदार दर वेळी विचारतो, ह्या कोण.

मी निघाले तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"ताई, याची एक लहान कॉपी भेटन का? पाकिटात मावन अशी."

मी हो म्हटलं. त्यांनी फोटो पुन्हा एकदा बघितला आणि अंगठ्यानं माप घेतलं.

"दोघीबी मावतीन ना त्यात?"

त्या मापात फार काही मावत नाही. पण मी दुसऱ्याच दिवशी बसून छापला. चेहरे ज्वारीच्या दाण्याएवढे आले, पण दोघी मावल्या.